भिंतीकडचे तीन फूट

मोजणीसाहेबांचं खरं नाव कॉलनीत फार थोड्यांना ठाऊक होतं. जमीन मोजणीच्या खात्यात चौतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले. मोजणीची साखळी खात्यात राहिली, पण मोजण्याची खोड त्यांच्याबरोबर घरी आली. पोरं पाठीमागे त्यांना ‘फूटपट्टी’ म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि खोटं कशाला सांगा, मनातून आवडतही होतं.

कॉलनीत बेचाळीस बैठी घरं, चौदा-चौदाच्या तीन ओळींत. प्रत्येक घरापुढे सहा फूट रुंदीचा वाफा. पूर्वी या वाफ्यांवरून सतत कुरबुर चाले. तण कोणी काढायचं, पाणी कोणी घालायचं, झुडूप रस्त्यावर आलं तर कात्री कोणी चालवायची. रहिवासी संघ म्हणे, घर ज्याचं वाफा त्याचा. घरमालक म्हणत, मग संघाने माळी ठेवलाय तो कशाला. शेवटी साहेबांनीच तोडगा काढला. भिंतीकडचे तीन फूट घरमालकाने सांभाळायचे, रस्त्याकडचे तीन फूट संघाने. मध्ये उभ्या विटांची एक ओळ. दोन रविवार त्यांनी स्वतः दोरी धरून बेचाळीस वाफ्यांत हद्दी आखून दिल्या. त्यानंतर भांडणं थांबली. संघाचा माळी विटांच्या अलीकडे काम करी, घरमालक पलीकडे. साहेब वाफे समितीचे प्रमुख झाले आणि संध्याकाळी फिरायला निघाले की प्रत्येक दारापुढे क्षणभर थांबू लागले. कोणाच्या वाफ्यात तण दिसलं तर दुसऱ्या दिवशी त्या घरात चिठ्ठी जाई.

त्यांचं स्वतःचं घर कोपऱ्यावरचं. वाफा पुढून वळून बाजूने मागेपर्यंत गेलेला, म्हणजे इतरांच्या दुप्पट. त्यांच्या हिश्श्याचे तीन फूट सांभाळत असे त्यांची बायको. तिने आयुष्यभर बालवर्गाला शिकवलं होतं, त्यामुळे ती सगळ्या कॉलनीची ‘बाई’. पोरांवर कधी आवाज चढवला नाही तसा झाडांवरही नाही, पण दोन्ही तिचं ऐकत. शेवंतीचे नऊ रंग तिच्याकडे होते. गुलाब होते, झिनिया होत्या, कोपऱ्यात रोपांच्या कुंड्या होत्या. सकाळी सातला संघाचा माळीदादा त्यांच्या दारात आला की विटांच्या अलीकडून तो आणि पलीकडून बाई, असं त्यांचं बोलणं चाले. काय पेरलं, काय उगवलं, कुठे मावा पडला. साहेब आत पेपर वाचत. त्यांना झाडांतलं काही कळत नव्हतं आणि कळावंसं वाटतही नव्हतं.

मग बाई न्हाणीघरात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण हाड नीट बसलं नाही, म्हणून ती पुन्हा झाली. डॉक्टरांनी पायरी चढायची-उतरायची नाही असं बजावलं, आणि त्यांच्या दाराला तर तीन पायऱ्या. बाईंचा पलंग मागच्या खोलीत हलवला. तिथून फक्त मागची भिंत आणि कपडे वाळत घालायची तार दिसे.

पहिल्याच आठवड्यात माळीदादाने बेल वाजवली. “साहेब, बाईंच्या शेवंत्या माना टाकायला लागल्यात. पाणी घालू का?”

“घाला की जाता जाता,” साहेब म्हणाले.

जाता जाता म्हणता म्हणता तो खुरपणीही करू लागला. मग वाळलेली फुलं खुडणं आलं, काठ्यांचे आधार देणं आलं, रोपं कुंडीतून वाफ्यात लावणं आलं. एवढा मोठा वाफा, रोजचा तास-पाऊण तास जाई. साहेबांनी कधी कर म्हटलं नाही आणि नको, असंही म्हटलं नाही. पेपर वाचता वाचता खिडकीतून त्यांना त्याची वाकलेली पाठ दिसे. ते पान उलटत.

एके दिवशी बाईंनी विचारलं, “अहो, माझ्या झाडांकडे बघताय ना? वाळलेली फुलं खुडावी लागतात, नाहीतर नवीन कळी धरत नाही.”

“खुडतो,” साहेब म्हणाले.

शब्द सहज तोंडून निसटला. खोटं बोलायचं असं ठरवून काही ते बोलले नव्हते. पण बाईंच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा असं काही उमटलं, की तो शब्द परत घेणं त्यांच्या जिवावर आलं.

त्याच सुमारास माळीदादाने एक पिवळी शेवंती कापून त्यांच्या हातात दिली. “बाईंना द्या. पडून पडून कंटाळल्या असतील.” साहेबांनी ती पेल्यात पाणी घालून बाईंच्या उशाशी ठेवली. बाईंनी फुलाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझ्यासाठी फूल आणलंत.”

तेव्हा सांगायला हवं होतं. ‘माळ्याने दिलंय.’ दोन शब्द. साहेब उभे राहिले, पेला जरा सरकवून ठेवला आणि चहा टाकायला गेले.

त्यानंतर रोज सकाळी एक फूल येऊ लागलं. बाई डोळे उघडल्या उघडल्या विचारत, “आज कुठला रंग?” वाफ्याबद्दल मग साहेबांना बोलता येईना म्हणून तेही माळीदादाला मधून मधून विचारून ठेवू लागले. हे कुठलं फूल, किती दिवस टिकतं. माळीदादा उत्साहाने सांगे. साहेब तेच आत जाऊन स्वतःचं म्हणून सांगत. बाई हसत. “बघा, तुम्हाला गोडी लागली शेवटी.” एकदा तपासणीला नेताना चाकाच्या खुर्चीतून त्यांनी वाफा पाहिला. सगळ्या शेवंत्या फुलल्या होत्या. त्यांनी साहेबांचा हात घट्ट धरला. साहेबांना तो हात सोडवून घ्यावासा वाटला, पण घेतला नाही.

वर्षअखेरीला संघाने ‘सर्वोत्तम वाफा’ म्हणून घरमालकांच्या हिश्श्यासाठी बक्षीस ठेवलं होतं. ते साहेबांना मिळालं. सगळे म्हणाले, बायको अंथरुणाला खिळलेली असताना या वयात एवढं करणं म्हणजे कमाल आहे. लाकडी ढाल घेऊन साहेब घरी आले. बाईंनी ती समोरच्या कपाटावर, त्यांच्या नजरेला पडेल अशी ठेवायला लावली.

पुढच्याच महिन्यात तक्रार आली. मागच्या ओळीत राहणाऱ्या आणि घरीच शिवणकाम करणाऱ्या टेलरताई सभेत उभ्या राहिल्या. “आमच्या ओळीकडे माळी फिरकतच नाही, आळशी आहे तो. आमच्या बाजूचं आम्ही करतो, पण संघाच्या तीन फुटांत हरळी गुडघ्याला लागतेय. हरळीला तुमच्या विटा कळत नाहीत, ती आमच्याकडे येते.”

संघाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. कोणाला दुखू नये असं बोलायची त्यांना सवय. ते म्हणाले, “माळी म्हणतो वेळ पुरत नाही. साहेब, तुम्हीच काय ते मोजून सांगा. पुढच्या रविवारी बघू.”

साहेबांनी शनिवारी दुपारी टेबलाशी बसून तक्ता केला. आठवड्याचे तीस तास. पाणी इतके तास, झुडपं कापणं इतके, रस्त्याकडचं गवत इतके, आणि प्रत्येक वाफ्याला वीस मिनिटं. सगळ्याची बेरीज साडेएकोणतीस तास झाली. म्हणजे वेळ पुरायला हवा होता. मागच्या ओळीचे चौदा वाफे, चौदा वीसं दोनशे ऐंशी मिनिटं, चार तास चाळीस मिनिटं. तेवढाच वेळ कुठेतरी गळत होता. साहेबांची पेन्सिल थांबली. कुठे गळतो हे शोधायला त्यांना साखळी लागणार नव्हती. रोज सकाळी त्यांच्याच खिडकीखाली तो गळत होता. त्यांनी पेन्सिलीला टोक केलं, तक्ता स्वच्छ अक्षरात पुन्हा उतरवला आणि त्यात आपल्या दाराचा उल्लेख केला नाही.

रविवारी माळीदादाला सभेत बोलावलं होतं. तो दाराशी उभा होता. बसा म्हटलं तरी बसला नाही. साहेबांनी तक्ता वाचला. आकड्यांपुढे कोण काय बोलणार. “याचा अर्थ,” साहेब म्हणाले, “दिलेल्या वेळात काम बसतं.” त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

“तुम्हाला काही सांगायचंय?” अध्यक्षांनी माळीदादाला विचारलं.

माळीदादाने साहेबांकडे पाहिलं. नजर रोखून नाही. माणूस आपली पाळी येईल म्हणून वाट बघतो तशी. साहेब कागदाच्या कडा जुळवत होते. मग माळीदादा म्हणाला, “नाही.”

महिनाअखेरीस त्याला काढलं. संघाने त्याला जो कागद दिला त्यावर ‘कामचुकारपणामुळे’ असं लिहिलं होतं. त्याच्या जागी एका ठेकेदाराची माणसं आली. सोमवारी यंत्र घेऊन येत, विटांच्या अलीकडचे नेमके तीन फूट साफ करत आणि निघून जात. मागची ओळही साफ झाली. नियम पहिल्यांदाच अक्षरशः पाळला गेला.

पहिल्या सकाळी साहेब स्वतः कात्री घेऊन बाहेर गेले. फूल कापलं आणि पेल्यात घातलं तर ते तळाशी बुडालं. देठ बोटभरच ठेवला होता.

“आज देठ इतका आखूड कसा?” बाईंनी विचारलं.

“घाईत होतो.”

पुढे कळ्या कमी होत गेल्या, मग फुलंच संपली. साहेबांनी कंबर दुखण्याचं कारण सांगितलं. बाईंनी कंबरेला लावायचं तेल कुठे आहे ते सांगितलं. साहेब न दुखणाऱ्या कंबरेला आठवडाभर तेल चोळत होते.

उन्हं जरा सौम्य झाली तेव्हा डॉक्टरांनी बाईंना वॉकर घेऊन चालायची आणि कोणीतरी धरलं तर पायऱ्या उतरायची परवानगी दिली. बाईंनी दुसऱ्याच दिवशी सकाळी नीटनेटके कपडे केले, केस विंचरले आणि म्हणाल्या, “मला वाफ्याजवळ खुर्ची टाकून द्या.”

साहेबांनी हवा गार आहे, उद्या बघू, असं काय काय सांगून पाहिलं. बाईंनी ऐकलं नाही. तीन पायऱ्या उतरायला त्यांना दहा मिनिटं लागली. खुर्चीत बसल्यावर त्यांनी वर पाहिलं आणि पाहतच राहिल्या. अर्धा वाफा आंबुटीच्या तणाने भरला होता. गुलाबाच्या आळ्यात हरळी शिरली होती. शेवंत्यांच्या काड्या झाल्या होत्या.

“कंबर फारच दुखत असणार,” त्या म्हणाल्या. आवाजात काळजी होती आणि तीच साहेबांना सोसवेना. “असू दे. आज थोडंसं करू. मी सांगते तसं करा. खुरपं आणा.”

खुरपं कुठे असतं हे साहेबांना माहीत नव्हतं. बाईंनी सांगितलं, मागच्या फळीवर. त्यांनी ते आणलं आणि पेन धरावं तसं धरून मातीत टोचलं. बाई बघत होत्या.

“त्या डावीकडच्या शेवंतीभोवतीचं तण काढा आधी.”

साहेबांनी वाकून मूठभर हिरवं उपटलं. बाईंच्या तोंडून हळूच “अगं बाई” निघालं. त्यांच्या मुठीत शेवंतीचे कोवळे फुटवे होते, मुळांसकट. आंबुटी तशीच बाजूला डोलत होती.

रस्त्याने एक सायकल गेली.

“तुम्ही हे कधी केलंच नाहीत,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी ते फुटवे पुन्हा मातीत खोचायचा प्रयत्न केला.

“ते राहू द्या. वाफा कोण बघत होतं?”

“माळी.”

“आणि फुलं?”

साहेबांना मान वर करता येईना. “तोच देत होता. तुमच्यासाठी.”

“आणि त्याला काढलंत.”

“संघाने काढलं.”

“का?”

“वेळेत काम होत नाही म्हणून.” साहेबांनी खुरपं खाली ठेवलं. “तक्ता मी केला होता.”

बाईंनी पुढचं काही विचारलं नाही. त्या चौतीस वर्षं चार वर्षांच्या मुलांना सांभाळत आल्या होत्या. कोणी काय केलंय आणि ते का लपवतंय हे ओळखायला त्यांना फार बोलावं लागत नसे. जरा वेळाने त्या म्हणाल्या, “मला आत न्या.” पायऱ्या चढताना त्यांना साहेबांच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला, दुसरा इलाज नव्हता. त्यांनी खांदा धरला तो हाताच्या टोकाने, कठडा धरावा तसा. त्या तीन पायऱ्या साहेबांना जन्मभर पुरल्या.

तीन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. औषध द्या, पाणी द्या, दिवा घालवा. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. ढाल त्यांनी काढायला सांगितली नाही. साहेबांनी स्वतःच काढून कपाटात उलटी ठेवली, तेव्हा बाईंनी ते नुसतं पाहिलं. चौथ्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, “माझी माफी मागू नका. माझं काय, मला फुलं मिळाली. त्याला जाऊन भेटा.”

माळीदादा कुठे आहे हे शोधायला दोन दिवस लागले. गावाबाहेर एका रोपवाटिकेत तो पिशव्यांत माती भरायच्या कामावर होता. पंधरा वर्षं झाडं वाढवलेला माणूस. पण हातातला कागद पाहून मालकाने त्याला रोपांना हात लावू दिला नव्हता. साहेब पोचले तेव्हा तो मातीच्या ढिगाशी बसला होता. त्याने पाहिलं, आणि हातातली पिशवी भरून पूर्ण केली, मगच उठला.

“बाई कशा आहेत?”

“चालतायत आता. वॉकर घेऊन.”

“बरं झालं.”

साहेबांनी वाटेत जे जुळवून ठेवलं होतं त्यातलं एकही वाक्य आठवेना. “माझं चुकलं,” ते म्हणाले. मोजून दोन शब्द, आणि तेही पुटपुटल्यासारखे.

माळीदादा हाताची माती झाडत राहिला. “त्या दिवशी तुम्ही वाचत होतात ना, तेव्हा मी मनात म्हणत होतो, आता शेवटी सांगतील. बेरीज झाली की सांगतील. मग तुम्ही चष्मा काढून खिशात ठेवलात. तेव्हा कळलं, संपलं.”

“तुम्ही का नाही बोललात? तुम्ही बोलला असतात तर मी नाही म्हणालो नसतो.”

“नसतात म्हणाला?”

साहेबांना खरं म्हणजे माहीत नव्हतं.

“मला राग आला की माझं तोंडच बंद होतं,” माळीदादा म्हणाला. “लहानपणापासून तसंच. बायको त्यावरून मला रोज बोलते. आणि बाई आजारी. बाईंच्या कानावर जाईल, त्यांच्यामुळे माझं काम गेलं, त्यांना वाईट वाटेल. तुमच्यासाठी मी एक काडी उचलली नव्हती, साहेब. बाईंसाठी करत होतो. माझी मुलगी त्यांच्या वर्गात होती.”

हे साहेबांना ठाऊक नव्हतं. पंधरा वर्षं हा माणूस त्यांच्या दारात येत होता.

“संघाला सांगतो. तुम्हाला परत घेतील.”

“मला नाही यायचं परत. लोक माझ्या हाताकडे बघायच्या ऐवजी घड्याळाकडे बघतील.” तो पुन्हा खाली बसला आणि नवी पिशवी उघडली. “तो कागद तेवढा बदलून द्या. कामचुकार लिहिलंय त्यावर. आजवर मला कोणी तसं म्हटलं नव्हतं.”

पुढच्या रविवारी सभा होती. साहेब ढाल कापडात गुंडाळून घेऊन गेले. विषयपत्रिकेत गळक्या टाकीचा विषय होता. तो संपल्यावर ते उभे राहिले. आयुष्यात शेकडो वेळा लोकांपुढे नकाशे वाचून दाखवले होते, पण आता हातात कागद नव्हता. त्यांनी सगळं सांगितलं. माळी रोज त्यांच्या हिश्श्याचं काम करत होता, त्यांनी करू दिलं. बक्षीस त्याच्या कामाचं होतं, ते साहेबांनी घेतलं. तक्ता करताना वेळ कुठे जातो हे माहीत होतं आणि ते त्यांनी लिहिलं नाही. फुलांचं मात्र त्यांनी सांगितलं नाही. ते सभेचं नव्हतं.

कोणीतरी मागे खोकलं. अध्यक्षांनी टेबलावरची पेनं सारखी केली. “साहेब, बाईंच्या आजारपणात तुमचीही मनःस्थिती… आम्ही समजू शकतो. चुका कोणाच्या होत नाहीत. तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका.”

दोघा-तिघांनी मान हलवली. एक जण हसून म्हणाला, “आमच्याकडेही माळी असा जाता जाता काही करून गेला तर आम्ही काय नको म्हणणार?” सभेत हलकासा हशा पिकला. साहेबांना वाटलं होतं लोक तुटून पडतील. त्याची त्यांनी तयारी केली होती. हे असं पाठीवरून हात फिरवून सोडून देणं त्यांना झेपेना.

टेलरताई तेवढ्या हसल्या नाहीत. “म्हणजे आमच्या ओळीचे ते तास तुमच्या दारात जात होते. आणि मी इथे उभी राहून त्या माणसाला आळशी म्हटलं. माझ्या तोंडून म्हणवून घेतलंत तुम्ही.”

“हो,” साहेब म्हणाले.

“माझ्या बाजूने हे विसरलं जाणार नाही, सांगून ठेवते.”

“बरोबर आहे.”

साहेबांना टेलरताईंचे पाय धरावेसे वाटले, इतकं ते बोलणं सरळ होतं.

कागदाचा प्रश्न निघाला. अध्यक्ष म्हणाले, “‘गैरसमजातून काढण्यात आले’ असं लिहू. संघाचं नावही खराब व्हायला नको.” साहेब म्हणाले, गैरसमज कोणाचाच नव्हता, एकाला माहीत होतं. यावर बरीच ओढाताण झाली. शेवटी टेलरताईंनी कागद पुढे ओढून स्वतःच लिहिलं: माळ्यावरचा कामचुकारपणाचा ठपका चुकीचा होता, वाफे समितीच्या प्रमुखांनी सभेला अपुरी माहिती दिली होती, संघ तो ठपका मागे घेतो आणि दिलगिरी व्यक्त करतो. खाली अध्यक्षांनी सही केली, जरा नाखुशीने. साहेबांनीही केली.

मग साहेबांनी समितीचा राजीनामा दिला. ‘नको हो’ म्हणायला कोणी उठलं नाही. पाच मिनिटांत टेलरताई प्रमुख झाल्या आणि त्यांनी लगेच मांडलं, की ज्याला आजारपणामुळे आपल्या बाजूचं काम होत नाही त्याने उघड सांगावं, तेवढे दिवस संघाने ते करावं, काम करणाऱ्याला त्याचे तास धरून द्यावेत. सगळ्यांनी होकार दिला. एवढा साधा नियम साहेबांना सुचला नव्हता. त्यांनी फक्त विटा लावल्या होत्या. सवयीने ते म्हणाले, “मसुदा मी लिहून देऊ का?”

“नको,” टेलरताई म्हणाल्या. “तुम्ही आधी खुरपायला शिका.”

ढाल टेबलावर तशीच राहिली. कोणी उचलेना. साहेब ती तिथेच ठेवून बाहेर पडले.

कागद घेऊन ते दुसऱ्याच दिवशी रोपवाटिकेत गेले. माळीदादाने तो दोनदा वाचला, घडी घातली आणि आत मालकाकडे नेऊन दाखवला. पंधरा दिवसांनी तो कलमांच्या शेडमध्ये कामाला लागल्याचं साहेबांना बाहेरून कळलं.

आता साहेब रोज सकाळी सहाला वाफ्यात असतात. बाई खुर्चीत बसून सांगतात, ते करतात. पहिले दोन महिने त्यांनी तणापेक्षा रोपंच जास्त उपटली. फिरायला निघालेले लोक फाटकाशी थांबतात, “काय साहेब, चाललंय का?” म्हणतात, आणि साहेब मान खाली घालून “चाललंय” म्हणतात. पूर्वी तेच लोकांच्या दारापुढे थांबत असत. बाई आता त्यांच्याशी बोलतात, नीट बोलतात, एखाद्या वेळी हसतातही. पण एखादं फूल उमललं तर ते त्या स्वतः वॉकर घेऊन जाऊन कापतात. साहेबांनी एकदा कापून आणलं होतं, लांब देठ ठेवून. बाईंनी ते घेतलं, “छान आहे,” म्हणाल्या आणि बाहेरच्या खोलीत टेबलावर ठेवलं.

एका रविवारी माळीदादा बाईंना भेटायला आला. बरोबर नव्या शेवंतीच्या चार काड्या ओल्या कापडात गुंडाळून आणल्या होत्या. दोघं वाफ्याजवळ बसले. साहेब चहा करायला आत गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांना बाईंचा आवाज ऐकू येत होता.

“तुम्ही मला का नाही हो कळवलंत?”

“कसं कळवणार, बाई? दारात साहेब असायचे.”

मग बाई काहीतरी हळू बोलल्या, ते ऐकू आलं नाही. मग दोघं मुळांबद्दल बोलू लागले. चहा कपात ओतून साहेब ताट घेऊन दारात उभे राहिले. मध्येच कसं जायचं ते त्यांना कळेना. चहावर साय धरली. शेवटी बाईंनीच हाक मारली.

माळीदादाने कप घेतला, साहेबांकडे न बघता “ठेवा इथे” म्हणाला, आणि चहा पिऊन उठला. जाताना वाफ्यात पडलेलं खुरपं त्याने उचलून भिंतीला टेकवलं.

“असं उभं धरू नका,” तो साहेबांना म्हणाला. “मनगट जाईल. आडवं धरा, मातीला लागून.”

“बरं,” साहेब म्हणाले.

तो गेल्यावर बाईंनी त्या चार काड्या कुठे लावायच्या ते बोटाने दाखवलं. साहेब गुडघ्यावर बसले आणि खुरपं आडवं धरून माती उकरू लागले.